'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या आधीचे ईगल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या पहिल्या चार अल्बमबद्दल लोक जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं शक्यतो स्वतंत्र वाचता येतील अशी लिहिली आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझी भूमिका आधीच सांगून ठेवते: या काळातले ईगल्स हा चार गायकांचा, चार गीतकारांचा बँड होता. तो तसा ऐकला नाही तर त्याचा गाभाच हातून निसटतो.

१. मी फक्त 'हॉटेल कॅलिफोर्निया' ऐकलंय. सुरुवात कुठून करू?

पहिल्या अल्बमपासून, आणि क्रमाने. पहिल्या बैठकीत चारही ऐकायची घाई नको. 'टेक इट ईझी', 'ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग' आणि 'पीसफुल ईझी फीलिंग' ही तीन गाणी आधी नीट ऐका. हॉटेलमधली गूढ, अंधारी हवा इथे नाही. अकूस्टिक गिटार, मोकळा रस्ता आणि एकमेकांत मिसळलेले आवाज आहेत. पुढचा सगळा प्रवास या आवाजापासून लांब जाण्याचा आहे, त्यामुळे तो आधी कानात बसायला हवा.

२. 'सुरुवातीचे अल्बम' म्हणजे नेमके कोणते?

'ईगल्स' (जून १९७२), 'डेस्परॅडो' (एप्रिल १९७३), 'ऑन द बॉर्डर' (मार्च १९७४) आणि 'वन ऑफ दीज नाइट्स' (जून १९७५). चौथ्यानंतर मूळ चौघांतला बर्नी लेडन बाहेर पडला, गिटारवादक जो वॉल्श आला आणि डिसेंबर १९७६ मध्ये 'हॉटेल कॅलिफोर्निया' निघाला. रेघ मी लेडनच्या जाण्यापाशी ओढते. काही जण ती दुसऱ्या अल्बमनंतर, निर्माता बदलला तिथे ओढतात. त्यांचंही म्हणणं खोटं नाही (पाहा प्र. ११).

३. कंट्री-रॉक ईगल्सनीच सुरू केलं का?

नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतलं आणि मध्य भागातलं कंट्री संगीत आणि रॉकचा ठेका एकत्र आणण्याचं काम लॉस एंजेलिसमध्ये आधीच चालू होतं. द बर्ड्स या बँडने गायक ग्रॅम पार्सन्सला सोबत घेऊन १९६८ मध्ये कंट्रीचा पूर्ण अल्बम केला. पुढच्याच वर्षी पार्सन्सच्या फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडचा आणि पोको या दुसऱ्या बँडचा पहिला अल्बम आला. यातलं काहीच फारसं विकलं गेलं नाही.

ईगल्सचं श्रेय वेगळं आहे. त्यांनी हे मिश्रण घासूनपुसून, सुरांची एकही कड बोचणार नाही असं केलं आणि रेडिओवर नेलं. हा गुळगुळीतपणा पार्सन्सच्या चाहत्यांना आजही सलतो. मला त्यांचा राग समजतो, पण पटत नाही. चार आवाज इतके अचूक लावणं हे सुद्धा कारागिरीचंच काम आहे, आणि ते काम करायला चौघांतले दोघे याच आधीच्या बँडमधून आले होते.

४. हे चौघे एकत्र आले कसे?

गायिका लिंडा रॉनस्टॅटमुळे. १९७१ मध्ये तिच्या दौऱ्यासाठी साथीदार हवे होते. डेट्रॉइटकडचा ग्लेन फ्राय आणि टेक्सासमधल्या लिंडन या छोट्या गावचा ड्रमर डॉन हेन्ली हे दोघे वेस्ट हॉलिवूडच्या ट्रूबडॉर क्लबात रोज दिसणाऱ्यांपैकी होते. तिथूनच ते तिच्याकडे गेले. नेब्रास्काचा बासवादक रँडी माइजनर पोकोत होता. पहिल्या अल्बमचं मिक्सिंग चालू असताना त्याला आत येऊ दिलं नाही, म्हणून अल्बम निघण्याआधीच तो पोको सोडून निघाला होता. बर्नी लेडन बरिटो ब्रदर्समध्ये होता आणि बँजो, मँडोलिन, पेडल स्टील (पाहा प्र. १३) यांतलं काहीही उचलून वाजवू शकत होता.

चौघांनी मिळून रॉनस्टॅटच्या मागे एकाच कार्यक्रमात साथ केली, जुलै १९७१ मध्ये डिस्नेलँडला. नंतर त्यांनी तिला सांगितलं की आम्हाला आमचा बँड काढायचाय, आणि तिने आनंदाने जाऊ दिलं. डेव्हिड गेफनने नव्याने काढलेल्या असायलम रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केलं आणि कोलोरॅडोत क्लबांमधून वाजवून हात बसवायला पाठवलं.

५. इतका 'अमेरिकन' आवाज, मग पहिला अल्बम लंडनला का रेकॉर्ड केला?

कारण निर्माता ग्लिन जॉन्स लंडनचा. रोलिंग स्टोन्स, द हू, लेड झेपेलिन यांच्यासोबत काम केलेला हा माणूस, म्हणून बँडला तो हवा होता. गंमत अशी की त्यांना त्याच्याकडून रॉक हवं होतं आणि त्याला त्यांच्यात रॉक दिसतच नव्हतं. कोलोरॅडोत त्यांना ऐकून तो नाराज झाला होता. पुढे तालमीत चौघांनी अकूस्टिक गिटार घेऊन एकत्र सूर लावला तेव्हा त्याने होकार दिला.

पहिले दोन्ही अल्बम त्यामुळे लंडनला झाले: पहिला ऑलिंपिक स्टुडिओत, दुसरा आयलंडमध्ये. जॉन्स ड्रमवर मोजकेच माइक लावायचा, खोलीतला नैसर्गिक आवाज पकडायचा आणि स्टुडिओत दारू-नशा चालू द्यायचा नाही. हेन्लीला ड्रमचा दणका कमी वाटायचा, फ्रायला शिस्त जाचायची. तरी मी जॉन्सच्या बाजूने आहे. 'मोस्ट ऑफ अस आर सॅड' हेडफोनवर ऐका. चार आवाज वेगवेगळ्या जागी उभे आहेत आणि त्यांच्यामधली हवा सुद्धा ऐकू येते. ही हवा पुढच्या अल्बममध्ये पुन्हा सापडत नाही.

६. कोण गातंय ते कळतच नाही. आवाज ओळखायचे कसे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण याच्या उत्तरात अख्खा पहिला अल्बम आहे. त्यातली दहा गाणी अशी वाटलेली आहेत: फ्राय तीन ('टेक इट ईझी', 'चग ऑल नाइट', 'पीसफुल ईझी फीलिंग'), माइजनर तीन ('मोस्ट ऑफ अस आर सॅड', 'टेक द डेव्हिल', 'ट्रायइन'), लेडन दोन ('ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग', 'अर्लीबर्ड') आणि हेन्लीही दोनच ('विची वुमन', 'नाइटिंगेल'). आज ज्याला आपण ईगल्सचा आवाज म्हणतो त्या हेन्लीच्या वाट्याला पाचवा हिस्सा!

फ्रायचा आवाज सैल आणि बोलका आहे, शब्द सहज टाकल्यासारखे येतात. हेन्लीचा आवाज किंचित खरखरीत. वरच्या सुरात तो ताणला जातो आणि त्या ताणातच त्याची सगळी जादू आहे. माइजनर सर्वांत उंच आणि नितळ. कोरसमध्ये सगळ्यात वर तरंगणारा सूर बहुतेक त्याचा. लेडनचा आवाज साधा, थोडा नाकातला, कंट्रीच्या सर्वांत जवळचा.

सरावासाठी 'सॅटर्डे नाइट' घ्या, 'डेस्परॅडो'वरचं. शांत तीन मात्रांच्या ठेक्यात हेन्ली सुरुवात करतो आणि मधेच माइजनर त्याच्या हातून गाणं घेतो. ती जागा एकदा सापडली की दोघांत पुन्हा गोंधळ होत नाही.

७. 'टेक इट ईझी' खरं कोणाचं, ईगल्सचं की जॅक्सन ब्राउनचं?

दोघांचं. गायक-गीतकार ब्राउन आणि फ्राय एकाच इमारतीत राहायचे: लॉस एंजेलिसच्या इको पार्कमध्ये, ब्राउन तळघरात आणि फ्राय वरती, गीतकार मित्र जे. डी. साउदरसोबत. ब्राउनचं गाणं दुसऱ्या कडव्यात अडकलं होतं. ॲरिझोनातल्या विन्स्लो गावच्या कोपऱ्यावर उभा राहिलेला मुलगा ब्राउनचा, पण ट्रक हळू करून त्याच्याकडे पाहणारी मुलगी फ्रायने घातली आणि गाणं सुटलं. ईगल्सचं पहिलं सिंगल, म्हणजे अल्बमपासून वेगळं काढलेलं गाणं, हेच. १९७२ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्राउनने पुढच्या वर्षी आपल्या अल्बमवर ते स्वतः गायलं.

पहिल्या अल्बमवर फ्राय आणि हेन्ली या जोडीने मिळून लिहिलेलं एकही गाणं नाही. ती जोडी जमली 'डेस्परॅडो'च्या वेळी.

८. आम्ही अमेरिकेत असतो. ग्रँड कॅन्यनला जाताना विन्स्लोला थांबावं का?

फ्लॅगस्टाफपर्यंत जाणारच असाल तर जरूर. तिथून पूर्वेला आंतरराज्य महामार्ग ४० ने साधारण ९० किलोमीटर. जुन्या रूट ६६ वरचं हे गाव महामार्ग बाहेरून गेल्यावर ओस पडत चाललं होतं. १९९९ मध्ये गावाने गाण्यातल्या कोपऱ्याचा छोटा चौक बांधला: गिटार टेकवून उभ्या असलेल्या तरुणाचा पुतळा, भिंतीवर रंगवलेल्या काचेतलं मुलीचं प्रतिबिंब आणि बाजूला लाल फोर्ड ट्रक. फ्राय १८ जानेवारी २०१६ ला वारला. त्याच वर्षी त्याचाही पुतळा तिथे आला. पाहायला अर्धा तास पुरतो, पण एका गाण्याने गाव जगवल्याचं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

९. 'डेस्परॅडो'त म्हणे एक कथा आहे. मला ती सापडली नाही.

सलग कथा शोधू नका, नाहीतर निराशा होईल. हा एका कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम आहे. जॅक्सन ब्राउनकडे पश्चिमेतल्या बंदूकबाजांवरचं एक पुस्तक होतं. त्यातून ब्राउन, साउदर, फ्राय आणि हेन्ली यांना डूलिन-डाल्टन या दरोडेखोरांच्या टोळीवर लिहायचं सुचलं. घर सोडून निघालेले, टोळी करून फिरणारे, झटपट नाव मिळवणारे आणि तितक्याच झटपट संपणारे तरुण. रॉक बँडचं आयुष्यही असंच असतं, ही त्यातली गोम.

मागचा इतिहास माहीत असेल तर गाणी जास्त उघडतात. ५ ऑक्टोबर १८९२ ला डाल्टन टोळीने कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात एकाच वेळी दोन बँका लुटायला घेतल्या. गावकऱ्यांनी त्यांना ओळखलं, बंदुका गोळा केल्या आणि पाचांपैकी चौघांना टिपलं. एमेट डाल्टन तेवढा वाचला. बिल डूलिन त्या दिवशी सोबत नव्हता, तो १८९६ मध्ये मारला गेला. 'बिटर क्रीक' हे लेडनचं गाणं टोळीतल्या जॉर्ज न्यूकमच्या टोपणनावावर आहे.

आता वेष्टनाची मागची बाजू पाहा. कॉफीव्हिलमध्ये मेलेल्या दरोडेखोरांना ओळीने झोपवून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. छायाचित्रकार हेन्री डिल्ट्झने तोच प्रसंग पुन्हा उभा केला आहे, आणि जमिनीवर मरून पडलेल्यांमध्ये ईगल्सच्या चौघांसोबत ब्राउन आणि साउदरही आहेत. ज्यांनी कल्पना रुजवली ते दोघेही टोळीत!

ऐकताना 'डूलिन-डाल्टन'ची चाल तीनदा येते ते लक्षात ठेवा: सुरुवातीला फ्रायच्या हार्मोनिकासह, मधे बँजोवर आणि शेवटी 'डेस्परॅडो'च्या चालीत विरघळून. कथेचा धागा या तीन जागांत आहे. शफलवर लावलात तर तो तुटलाच.

१०. 'डेस्परॅडो' पडला होता हे खरं का? मग ते गाणं इतकं प्रसिद्ध कसं?

खरं आहे. पहिला अल्बम २२व्या क्रमांकापर्यंत गेला होता, हा ४१वर अडकला. 'टकीला सनराइज' ६४व्या आणि 'आउटलॉ मॅन' ५९व्या क्रमांकापर्यंतच चढलं. 'डेस्परॅडो' हे गाणं तर सिंगल म्हणून काढलंच नाही.

ते लोकांपर्यंत नेलं पुन्हा लिंडा रॉनस्टॅटनेच. त्याच वर्षीच्या तिच्या अल्बमवर तिने ते गायलं. मूळ रेकॉर्डिंगमधली तंतुवाद्यं जिम एड नॉर्मनने रचली, हेन्लीच्या टेक्सासमधल्या जुन्या बँडमधला त्याचा सोबती. समोर लंडनचे कसलेले वादक बसलेले पाहून आपण दबून गेलो आणि मनासारखं गाता आलं नाही, असं हेन्लीने पुढे सांगितलंय. मला मात्र त्यातला संकोचच भावतो. बायाबापड्यांना दूर ठेवणाऱ्या, कुंपणावरच्या माणसाची समजूत घालणारं गाणं बेधडक आवाजात म्हटलं असतं तर ते पटलं नसतं.

११. 'ऑन द बॉर्डर' मला दोन वेगळ्या अल्बमचे तुकडे जोडल्यासारखा वाटतो. माझं चुकतंय का?

नाही, तुमचा कान बरोबर आहे. हा अल्बमही लंडनला ग्लिन जॉन्सकडेच सुरू झाला. फ्रायला आता रॉक हवंच होतं आणि जॉन्स हलायला तयार नव्हता. काम अर्ध्यावर मोडलं. बँड लॉस एंजेलिसला परतला, रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत बिल सिमझिक हा नवा निर्माता आला. जॉन्सच्या सत्रांतली दोनच गाणी राहिली: 'यू नेव्हर क्राय लाइक अ लव्हर' आणि 'बेस्ट ऑफ माय लव्ह'.

'ऑलरेडी गॉन' आणि 'बेस्ट ऑफ माय लव्ह' लागोपाठ ऐका, पहिलं आणि शेवटचं. पहिल्यात गिटारी पुढे घुसतात, ड्रम छातीवर येतात. दुसऱ्यात सगळं मऊ आणि लांबून. बँडने ज्याच्यापासून सुटका करून घेतली त्याच निर्मात्याचं हे गाणं १ मार्च १९७५ ला त्यांचं पहिलं अव्वल क्रमांकाचं सिंगल ठरलं.

याच अल्बमवर लेडनचं 'माय मॅन' आहे. सप्टेंबर १९७३ मध्ये जोशुआ ट्री इथे मरण पावलेल्या ग्रॅम पार्सन्ससाठी, बरिटो ब्रदर्समधल्या आपल्या जुन्या साथीदारासाठी त्याने ते लिहिलं. ईगल्सच्या पहिल्या अल्बमचा फोटो त्याच वाळवंटातला. चारही अल्बममधलं मला सर्वांत जवळचं गाणं हे आहे. त्यात कुठेही गळा काढलेला नाही, पेडल स्टीलचे लांब सूर आणि एका मित्राने दुसऱ्याला दिलेला साधा निरोप.

१२. डॉन फेल्डर पहिल्यापासून होता ना?

नाही. हा गिटारवादक आला 'ऑन द बॉर्डर'च्या शेवटी शेवटी. लेडन आणि तो फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचे शाळेपासूनचे दोस्त. 'गुड डे इन हेल'वर स्लाइड गिटार वाजवायला बोलावलं, आणि ते ऐकून त्याला बँडमध्येच घेतलं. 'ऑलरेडी गॉन'मध्येही तो आहे. म्हणून पहिल्या दोन अल्बमवरचं प्रत्येक गिटार सोलो त्याच्या नावावर टाकू नका. तिथली बरीचशी नाजूक कामगिरी लेडनची आहे.

१३. बँजो, पेडल स्टील, मँडोलिन... कुठे काय वाजतंय ते कसं ओळखू?

बँजोसाठी 'टेक इट ईझी' घ्या. गाणं पुढे सरकतं तसा मागे दुप्पट गतीने टिपटिपणारा धातूसारखा आवाज येतो, तो लेडनचा बँजो. रॉक गाण्यावर हा बँजो हवाच, हा हट्ट ग्लिन जॉन्सचा. नुसता गिटारीवर तो ठेका इतका धावला नसता.

पेडल स्टील म्हणजे स्टँडवर आडवं ठेवलेलं वाद्य. तारांवर लोखंडी दांडी सरकते आणि पायाखालच्या पेडलने सूर ताणले जातात. एका सुरातून दुसऱ्यात रडवेलं घसरत जाणारा आवाज ऐकू आला की तेच. 'ओल' ५५'मध्ये ते अल पर्किन्स या पाहुण्याने वाजवलंय.

पण 'पीसफुल ईझी फीलिंग'मध्ये फसायला होतं. तिथला घसरता सूर पेडल स्टीलचा नसून लेडनच्या टेलिकास्टर गिटारचा आहे. तिच्यात बी-बेंडर नावाची यंत्रणा बसवलेली असते. गिटारचा पट्टा एका तरफेला जोडलेला असतो, गिटार खांद्यावरून खाली दाबली की दुसरी तार आपोआप एक पूर्ण स्वर चढते. क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स या द बर्ड्सच्या दोघांनी ती बनवली. सोलो पुन्हा ऐका: एक सूर स्थिर आणि दुसरा त्याच्या शेजारून वर सरकतोय. नुसत्या बोटांनी हे इतकं सफाईने होत नाही.

१४. 'वन ऑफ दीज नाइट्स' कंट्री-रॉक मानायचा का?

अर्धा. शीर्षक गीताचा ठेका आणि हेन्लीचा वरचा चोरटा सूर हे फिलाडेल्फियाच्या सोल संगीताच्या बाजूचे आहेत. 'टू मेनी हँड्स' सरळ रॉक. दुसरीकडे 'लाइइन आइज' हे इतकं कंट्री आहे की ते कंट्रीच्या यादीतही ८व्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. 'हॉलिवूड वॉल्ट्झ' लेडन आणि त्याचा भाऊ टॉम यांच्या कल्पनेवर उभं आहे. आणि 'टेक इट टू द लिमिट'मध्ये माइजनर तीन मात्रांच्या ठेक्यावर हळूहळू चढत शेवटी जिथे पोचतो, तिथे अंगावर काटा येतो.

ईगल्सचा पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला अल्बम हाच. लेडन आणि फेल्डर दोघेही असलेल्या या पाच जणांचा हा एकमेव पूर्ण अल्बम, प्रत्येकाला निदान एकदा मुख्य गायक म्हणून संधी. फेल्डरचं 'व्हिजन्स' सुद्धा.

१५. बर्नी लेडन का सोडून गेला?

एकच कारण नाही. बँड रॉककडे वळत होता, दौरे संपत नव्हते, निर्णय फ्राय-हेन्लीकडे गेले होते. फ्रायच्या डोक्यावर त्याने बिअर ओतली तो प्रसंग सगळे सांगतात, पण तो शेवटचा कडेलोट. डिसेंबर १९७५ मध्ये तो गेल्याचं जाहीर झालं. त्याचं निरोपाचं गाणं 'आय विश यू पीस'. त्याने ते पॅटी डेव्हिससोबत लिहिलं, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांच्या मुलीसोबत. हेन्लीला ते गाणं अल्बमच्या तोडीचं वाटलं नव्हतं. मलाही ते लेडनच्या चांगल्या गाण्यांत धरवत नाही. पण त्याच्यानंतर बँजो गेला तो गेलाच.

१६. १९७६ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' घेतला तर चारही अल्बमचं काम भागेल ना?

नाही भागणार. त्यात दहा गाणी आहेत: पहिल्या आणि चौथ्या अल्बममधली तीन-तीन, मधल्या दोघांतली दोन-दोन. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला ३८ पट प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालं (एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती), तेव्हा बहुतेकांनी हे ईगल्स त्यातूनच ऐकले यात नवल नाही.

पण मोजून पाहा. दहापैकी लेडन मुख्य गायक असलेलं एकही नाही. माइजनरचं फक्त 'टेक इट टू द लिमिट'. 'माय मॅन' नाही, 'ट्रेन लीव्ह्ज' नाही, 'डूलिन-डाल्टन' नाही. चार आवाजांचा बँड त्या संग्रहात जवळपास दोन आवाजांचा झालाय. प्र. ६ मधली वाटणी शेजारी ठेवली की माझी तक्रार लगेच कळेल.

१७. रेडिओवर ऐकलेलं 'बेस्ट ऑफ माय लव्ह' अल्बमवरच्यापेक्षा छोटं कसं?

कंपनीने सिंगलसाठी ते कापलं, आणि तेही बँडला न विचारता. त्यावरून मोठी नाराजी झाली होती. 'लाइइन आइज' आणि 'वन ऑफ दीज नाइट्स' यांच्याही सिंगल आवृत्त्या आखूड आहेत. 'लाइइन आइज' अल्बमवर सहा मिनिटांच्या पुढे जातं. ते पूर्णच ऐका. गोष्ट सांगणाऱ्या गाण्याचं एक कडवं गेलं की पात्र अर्धं राहतं.

१८. गिटार शिकतोय. क्लासमध्ये 'हॉटेल कॅलिफोर्निया' दिलंय, पण जमत नाही. यातलं आधी काय घ्यावं?

बी मायनरच्या बार कॉर्डशी झगडण्याआधी 'टेक इट ईझी' घ्या. जी, डी, सी, ई मायनर, ए मायनर, सगळ्या मोकळ्या कॉर्ड्स. सुरुवातीचे झंकार घाई न करता घुमू द्या. मग 'लाइइन आइज', तेही जी मध्येच. 'पीसफुल ईझी फीलिंग' ई मध्ये आहे, तिथे एफ शार्प मायनर येते, म्हणून तिसरं. 'डेस्परॅडो' ऐकायला सोपं वाटतं पण सी वरून सी मायनरवर जाणारा उतार हाताला वेळ लावतो. आणि शक्य असेल तर दोघे-तिघे मिळून गा. या गाण्यांचा निम्मा जीव कोरसमध्ये आहे.

१९. काही गाण्यांतल्या बायका आज खटकतात. तुम्हाला नाही खटकत?

खटकतात. 'विची वुमन'मधली बाई म्हणजे धोका आणि मोह, त्यापलीकडे तिला काही नाही. त्या गाण्याचा ठोका आणि गुणगुण मला आवडते, शब्द नाहीत. 'लाइइन आइज' मी वेगळं धरते. ट्रूबडॉरशेजारच्या डॅन टाना रेस्टॉरंटमध्ये श्रीमंत म्हाताऱ्यांसोबत बसलेल्या तरुण मुली पाहून ते सुचलं. गाणं त्यातल्या मुलीला दोष देतं, पण तिच्या एकटेपणापाशी थांबतंही. पुढे ती खिडकीशी उभी असते तेव्हा फ्रायच्या आवाजात तुच्छता उरलेली नसते.

२०. जुनी एलपी घ्यायची आहे. काय पाहून घेऊ?

तबकडी उजेडात तिरपी धरा. केसासारखे ओरखडे चालतात, नख अडकेल असा चर असेल तर सोडा. पहिल्या अल्बमचं वेष्टन दुहेरी उघडतं अशी मूळ रचना होती, आतून पोस्टरसारखं मोठं चित्र. गेफनने ते चिकटवून टाकायला लावलं, त्यामुळे न उघडणारी प्रत म्हणजे नक्कल असं समजू नका.

'ऑन द बॉर्डर'पासून पुढे आणखी एक गंमत आहे. लेबलच्या कडेच्या गुळगुळीत पट्ट्यावर, खाचा संपतात तिथे, बारीक अक्षरांत खरडलेली वाक्यं सापडतात. ही सिमझिकची हौस. प्रत्येक प्रतीवर असतीलच असं नाही, पण सापडली की फार आनंद होतो. एलपी नको असेल तर २०१३ चा, १९७२ ते १९७९ मधल्या सगळ्या स्टुडिओ अल्बमचा सीडी संच पुरेसा आहे.

२१. 'जर्नी ऑफ द सॉर्सरर' ऐकताना सारखं वाटतं, हे आधी कुठेतरी ऐकलंय. कुठे?

बहुधा बीबीसीच्या 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' या १९७८ च्या रेडिओ मालिकेच्या सुरुवातीला. तिची धून हीच. लेडनचं हे वाद्यसंगीत 'वन ऑफ दीज नाइट्स'वर आहे आणि त्यात बँजोमागे भरगच्च तंतुवाद्यं आहेत. बँजो अंतराळातही शोभतो हे त्याने दाखवून दिलं.

२२. लेडन आणि माइजनर पुन्हा कधी बँडसोबत दिसले का?

१९९८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात सातही सदस्य एकत्र वाजवायला उभे राहिले. लेडन २०१३ पासूनच्या, बँडच्या इतिहासावरच्या दौऱ्यातही होता. माइजनर १९७७ मध्ये बाहेर पडला होता. त्याची जागा टिमथी बी. श्मिटने घेतली, ज्याने पोकोतही त्याचीच जागा घेतली होती. माइजनर जुलै २०२३ मध्ये वारला.

२३. चारही ऐकून झाले. आता पुढे?

मागे जा. बरिटो ब्रदर्सचा १९६९ चा पहिला अल्बम, म्हणजे 'माय मॅन' कोणासाठी आहे ते कळेल. मग लेडन ज्यात होता तो डिलर्ड अँड क्लार्कचा काळ. 'ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग' त्याने जीन क्लार्कसोबत तेव्हाच लिहिलं होतं, आणि ती आधीची आवृत्ती ईगल्सच्या शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहे. लिंडा रॉनस्टॅटचा १९७२ चा अल्बम घ्या, त्यात हे चौघेही वाजवताना सापडतील. शेवटी जॅक्सन ब्राउनचे पहिले दोन. 'टेक इट ईझी' त्याच्या दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं आहे, आणि ते संपताना न थांबता पुढच्या गाण्यात शिरतं.